क्विल्टिंगच्या खोलीची फेरमांडणी : बदललेल्या गरजांनुसार, पायरीपायरीने

क्विल्टिंगची, म्हणजे गोधडी शिवण्याची, खोली एकदा लावली की ती वर्षानुवर्षे तशीच उपयोगी पडेल, असे गृहीत धरता येत नाही. लहान ब्लॉक (तुकडे जोडून केलेले चौकोन) जोडण्यासाठी मांडलेले टेबल पलंगभर गोधडी शिवायला घेतली की अपुरे पडते. पूर्वी सहज दिसणारी गडद कापडावरची टीप आता दिव्याखाली धरून पाहावी लागते. मनगट किंवा पाठ कुरकुर करू लागते, त्याच खोलीत घरातल्या कोणाचे ऑफिसचे काम सुरू होते, किंवा हाताने टाके घालण्याची गोडी लागून मशीन महिनोन्‌महिने झाकलेले राहते. अशा वेळी बहुतेक जण आणखी एक कपाट आणतात आणि खोली आणखी अडते. फेरमांडणीची सुरुवात कपाटापासून कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. कापड खोलीत कुठून कुठे जाते आणि त्याच्यामागे आपले शरीर किती वेळा वाकते, वळते आणि उठते, हे आधी पाहावे आणि सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न सर्वांत शेवटी हातात घ्यावा, कारण कामाचा मार्ग नीट बसला की सामानाच्या बऱ्याचशा जागा आपोआप ठरतात.

आधी कामाची नोंद

किमान आठवडाभर, आणि जमल्यास एक गोधडी पूर्ण हातावेगळी होईपर्यंत, मशीनजवळ कागद आणि पेन्सिल ठेवावी. जागेवरून उठताना आपण कशासाठी उठलो ते दर वेळी त्यावर एका शब्दात लिहावे: इस्त्री, कात्री, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), दिवा, कापड. काम चालू असताना काय तात्पुरते जमिनीवर ठेवावे लागले, कोणती वस्तू दोनदा शोधली, कोणत्या कामानंतर मान किंवा खांदा दुखला आणि एखादे काम सुरू करण्याआधी काय काय उचलून बाजूला करावे लागले, हेही टिपावे. यांतली शेवटची नोंद सर्वांत बोलकी असते. कापायला घेण्याआधी दर वेळी टेबलावरून इस्त्रीची चादर, दोऱ्यांचा डबा आणि अर्धवट ब्लॉक हलवावे लागत असतील, तर खोलीच्या आकाराला दोष देण्याचे कारण नाही. एकाच टेबलावर तीन कामे लादली गेली आहेत आणि त्यांतले एक तिथून हलवायला हवे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नोंद वाचून झाली की गरज तात्पुरती आहे की टिकणारी, हे ठरवावे. एकच मोठी गोधडी पूर्ण करायची आहे किंवा काही महिन्यांपुरती खोली वाटून घ्यायची आहे, अशी गरज असेल तर चाके, घडीचे टेबल आणि सुटे खोके यांवर भागवावे. भिंतीत काहीही ठोकू नये. दृष्टी मंदावणे, गुडघे किंवा कंबर यांचा त्रास, शिवणकामाचा व्यवसाय होणे हे बदल मात्र परत फिरणारे नसतात, आणि तिथे उंची, प्रकाश व खुर्ची यांवर खर्च करताना हात आखडता घेऊ नये.

गोधडीच्या कामाचे ठळक भाग चार: कापणे, शिवणे, इस्त्रीने दाबणे आणि ब्लॉक मांडून पाहणे. पाचवा भाग फेरमांडणीत हमखास विसरला जातो, तो म्हणजे वरचा थर, बॅटिंग (मधला मऊ भरावाचा थर) आणि अस्तर एकावर एक पसरून टाचण्याचा. त्याला खोलीतली सर्वांत मोठी जागा लागते, पण एका गोधडीमागे जेमतेम काही तास. त्यासाठी कायमची जागा अडवणे म्हणजे उरलेल्या सगळ्या दिवसांची गैरसोय होय. त्याऐवजी खोलीतली निदान दोन टेबले एकाच उंचीची ठेवावीत, म्हणजे ती जोडली की थर पसरण्यापुरते मोठे टेबल तयार होते. मी कोणत्याही फेरमांडणीत हा एक नियम शक्यतो मोडत नाही.

कागदावर खोली

खोलीचे माप आलेख कागदावर १:२० या प्रमाणात उतरवावे, म्हणजे कागदावरचा १ सेंमी हा खोलीतला २० सेंमी होतो. दार कोणत्या बाजूला आणि किती उघडते, खिडकीची तळकड जमिनीपासून किती उंच आहे, प्लग पॉइंट कुठे आहेत, दिवा आणि पंखा नेमके कुठे आहेत, हे सर्व त्यावर दाखवावे. मग प्रत्येक टेबल, कपाट आणि खुर्ची त्याच प्रमाणात जाड कागदातून कापून आलेखावर सरकवून पाहावे. यात एक चूक वारंवार होते: खुर्ची टेबलाखाली सरकवलेली आणि कपाटाचे खण बंद असे धरून मापे घेतली जातात. प्रत्यक्षात खुर्ची मागे घेऊन उठायला टेबलाच्या कडेपासून सुमारे ३ फूट जागा लागते, आणि खण पूर्ण बाहेर ओढून त्यासमोर वाकण्यासाठीही जवळपास तेवढीच. नेहमीच्या ये-जा करण्याच्या वाटेला ३ फूट रुंदी ठेवावी. दोन टेबलांमधल्या क्वचित वापराच्या फटीला २ फुटांवर भागते.

आता पेन्सिलने एका ब्लॉकचा प्रवास आखावा: फळीवरून कापण्याच्या टेबलाकडे, तिथून मशीनकडे, मशीनवरून इस्त्रीकडे, इस्त्रीवरून परत मशीनकडे, शेवटी ब्लॉक मांडून पाहायच्या भिंतीकडे. मशीन आणि इस्त्री यांमधली रेघ सर्वांत जाड होईल, कारण हा फेरा एका ब्लॉकमध्ये अनेकदा होतो. या रेघेवर दुसरे काहीही येऊ देऊ नये. कागदावर पसंत पडलेली मांडणी मग मास्किंग टेपने जमिनीवर आखावी आणि एक-दोन दिवस त्या रेघा ओलांडून, खोके हातात घेऊन चालून पाहावे. कागदावर दिसत नाही ते पायांना समजते.

मशीनची जागा आणि गोधडीचे वजन

सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो. पलंगभर गोधडी, म्हणजे साधारण ९० बाय १०० इंचांची, सुती कापड आणि सुती बॅटिंग धरून अडीच-तीन किलोंपर्यंत जाते. घरगुती मशीनवर सुईपासून मशीनच्या उभ्या खांबापर्यंतची जागा सहसा ६ ते ११ इंचांची असते आणि गोधडीचा एक भाग गुंडाळून त्यातून न्यावा लागतो. उरलेला सगळा भार डावीकडे आणि मागे जातो. तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबला की कापड सुईखालून ओढले जाते. मशीनचे दाते जेवढे पुढे सरकवतात त्याहून कमी कापड सरकते, टाके आखूड आणि दाटीचे होतात, सुई वाकते आणि कधी प्लेटवर आदळून तुटते. दाते खाली करून हाताने कापड फिरवत मुक्त नक्षी शिवताना तर हा सगळा ओढा खांदे आणि मनगटांवर येतो, आणि पुष्कळ जण त्याचा दोष दोऱ्याच्या ताणाला देत मशीनचे स्क्रू फिरवत बसतात.

हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. एखादी पूर्ण झालेली गोधडी नेहमीसारखी मशीनवर ठेवावी, सुई वर घ्यावी, कापड दाबणारे फूट उचलावे आणि दोन्ही हात बाजूला घ्यावेत. गोधडी जागेवरून स्वतःहून सरकली, तर ती ज्या बाजूला सरकली त्या बाजूला आधार कमी आहे. मशीनच्या डावीकडे निदान २ फूट आणि मागे दीड ते २ फूट सपाट जागा मिळाली, तर बहुतेक गोधड्या स्थिर राहतात. खोलीचा कोपरा यासाठी उत्तम ठरतो: टेबलाची मागची कड एका भिंतीला आणि डावी कड दुसऱ्या भिंतीला टेकवली की गोधडी कडेवरून पडतच नाही, भिंतीशी गोळा होऊन राहते. कोपरा मिळत नसेल तर डावीकडे त्याच उंचीचे चाकांचे छोटे टेबल लावावे, ज्याची चाके लॉक होतात. तुकडे जोडण्याच्या दिवसांत तेच टेबल उजवीकडे आणून कापलेले तुकडे ठेवायला वापरता येते.

मशीनचा पृष्ठभाग टेबलाच्या पातळीला आणणे ही दुसरी मोठी सुधारणा. साध्या टेबलावर नुसते ठेवलेले मशीन ३ ते ४ इंचांची पायरी तयार करते आणि गोधडी दर वेळी त्या पायरीवर अडते. टेबलात मशीनच्या आकाराची खाच करून खाली फळी बसवता येते; ते शक्य नसेल तर मशीनभोवती बसणारे पायांचे जोडटेबल घ्यावे, किंवा मशीनच्या उंचीएवढे जाड फोमचे तुकडे गुळगुळीत कापडात गुंडाळून डावीकडे आणि मागे ठेवावेत. फोमची ही युक्ती खर्चाला हलकी आहे आणि मोठे टेबल घेण्याआधी त्याचा उपयोग किती होईल हे जोखायलाही कामी येते.

बसण्याची जागा मशीनच्या मध्यावरून ठरवू नये. सुई मशीनच्या डाव्या भागात असते, म्हणून मशीनच्या मध्यासमोर बसणारा माणूस नकळत कमरेतून डावीकडे वळून तासन्‌तास शिवतो. सुई, नाभी आणि पेडल एका रेषेत यावे. नव्या मांडणीत टेबलाचा पाय किंवा खणांची पेटी नेमकी त्या जागी येत असेल तर मशीन सरकवावे, पाय वाकडे करून भागवू नये. पेडल गुळगुळीत फरशीवर पळत असेल तर त्याखाली रबरी जाळी घालावी. टेबल हादरत असेल तर मशीनखालीही तीच जाळी ठेवावी आणि टेबलाची मागची कड भिंतीला पक्की टेकवावी.

उंची शरीरावरून घ्यावी

नेहमीची टेबले सुमारे ७३ ते ७६ सेंमी उंच असतात. ती लिहिण्या-जेवण्यासाठी ठीक आहेत. पण त्यांच्यावर मशीन ठेवले की हात वर उचलून शिवावे लागते, आणि त्याच टेबलावर उभ्याने कापायला घेतले की कमरेतून वाकावे लागते. एकच टेबल दोन्ही कामांसाठी चुकीचे ठरते ते असे. बसून शिवताना खांदे सैल सोडून कोपर काटकोनात ठेवले असता मशीनचा पृष्ठभाग कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली यावा. खुर्ची वर-खाली होणारी असावी आणि उंच केल्यावर पाय टेकत नसतील तर दोन्ही पायांखाली पाट ठेवून त्यावरच पेडल घ्यावे.

कापण्याचे टेबल हे उभ्याने काम करण्याचे टेबल आहे. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीने रोटरी कटर आणला आणि गोधडीचे कापणे कात्रीकडून चाकासारख्या फिरत्या पात्याकडे गेले. या पात्याला वरून खाली दाब लागतो आणि तो मनगटातून न येता खांद्यातून सरळ यायला हवा. त्यामुळे टेबलाचा पृष्ठभाग उभ्याने मोजलेल्या कोपराच्या उंचीपेक्षा साधारण १० ते १५ सेंमी खाली ठेवावा. कोपर जमिनीपासून १०० सेंमीवर येत असेल तर टेबल ८५ ते ९० सेंमीचे हवे. असलेले टेबल उंच करण्यासाठी त्याच्या पायांखाली खोबणीचे मजबूत ठोकळे बसवता येतात. विटा किंवा पुस्तकांचे थर लावू नयेत, कारण कापताना टेबलावर आडवा जोर येतो आणि थर घसरतात. उभे राहणे शक्य नसेल तर हेच काम बसून, टेबल कोपरापेक्षा थोडे खाली घेऊन, एका वेळी कमी थर कापून करावे.

कापताना कापडाखाली ठेवायची मॅट २४ बाय ३६ इंचांची घेतली तर ११० सेंमी पन्ह्याचे कापड एकदा दुमडून तिच्यावर व्यवस्थित मावते. टेबलाच्या निदान दोन लगतच्या बाजूंनी फिरता आले पाहिजे, कारण कापड उचलून फिरवले की कडा हलतात. आपण फिरलेले बरे. मॅट उन्हात, गाडीत किंवा इस्त्रीजवळ ठेवू नये. उष्णतेने वाकलेली मॅट सहसा पूर्ववत सपाट होत नाही. जागा कमी असल्यास ती भिंतीला टेकवून तिरकी उभी करण्याऐवजी टांगून किंवा पलंगाखाली सपाट ठेवावी.

इस्त्री आणि वीज

इस्त्री मशीनच्या हाताशी असावी की चार पावलांवर, याबद्दल दोन मते आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कागदावरच्या आराखड्यावर तुकडे शिवताना प्रत्येक टीप लगेच दाबावी लागते. तिथे मशीनच्या उजवीकडे, बसल्या उंचीला, लहान दाबपट्टा आणि छोटी इस्त्री असावी. सलग साखळीने अनेक जोड शिवून मग एकदम दाबण्याची पद्धत असेल, तर मात्र इस्त्री मुद्दाम दूर ठेवावी, म्हणजे दर काही मिनिटांनी उठणे होते आणि पाठीला, डोळ्यांना विसावा मिळतो. ज्यांची पाठ दुखते त्यांनी दुसरी पद्धत धरावी आणि मांडणीही तशीच करावी.

घडीचा निमुळता इस्त्री-बोर्ड कपड्यांसाठी बनवलेला असतो; लांब-रुंद कापडाला आयताकृती पृष्ठभाग हवा. सुमारे २२ बाय ६० इंचांची प्लायवुडची फळी सुती बॅटिंगच्या एक-दोन थरांनी आणि वरून ताणलेल्या जाड सुती कापडाने मढवली, की ११० सेंमीचा पन्हा दुमडूनच काय, उघडूनही इस्त्री करता येतो. लोकरी नमद्याचा दाबपट्टा उत्तम असला तरी त्यातून उष्णता आणि वाफेचा ओलावा खाली उतरतो, म्हणून तो कटिंग मॅटवर किंवा पॉलिशच्या टेबलावर थेट ठेवू नये.

नव्या मांडणीत प्लग पॉइंट दूर गेला की लगेच एक्स्टेंशन बोर्ड काढला जातो, आणि हे टाळायलाच हवे. इस्त्री सुमारे १००० ते २४०० वॅट वीज ओढते. हलक्या वायरीचे एक्स्टेंशन त्या भाराने तापते. इस्त्री थेट भिंतीतल्या पॉइंटला लावावी आणि शक्यतो मशीनच्या सर्किटवर ठेवू नये, विशेषतः मशीन संगणकीकृत असेल तर. इस्त्री तापायला लागताना दिवा मंदावताना दिसत असेल, तर दोन्ही एकाच लाइनवर आहेत आणि तिच्यावर ताण येत आहे हे ओळखावे आणि इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन घ्यावी. पायात येणारी एकही वायर वाटेवर सोडू नये. थर चिकटवण्याचा स्प्रे वापरत असल्यास तो ज्वलनशील असतो, तेव्हा तो इस्त्रीपासून दूर, खिडकी उघडून वापरावा.

प्रकाश आणि मांडून पाहायची भिंत

वयाबरोबर डोळ्यातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून पूर्वी पुरेसा वाटणारा दिवा आता अपुरा वाटणे स्वाभाविक आहे. शिवणकामासाठी युरोपीय प्रकाश-मानक ७५० लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) आणि रंग तपासण्यासाठी १००० लक्स धरते. छतावरचा एकटा दिवा एवढा प्रकाश कामाच्या जागी क्वचितच देतो. छताचा सर्वसाधारण प्रकाश, आणि कापणे, शिवणे व हाताचे टाके या प्रत्येक जागी स्वतंत्र हलता दिवा, अशी दुहेरी योजना करावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे आणि डावखुऱ्यांनी उजवीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. रंग निवडण्याच्या जागी ५००० केल्विनच्या (दिव्याच्या रंगछटेचे माप) आसपासचा आणि ९० किंवा अधिक सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे माप) दिवा घ्यावा, कारण पिवळ्या दिव्याखाली जुळलेले दोन निळे रंग दिवसाच्या उजेडात वेगळे दिसू शकतात. सर्व जागी शक्यतो एकाच रंगछटेचे दिवे असावेत.

मांडून पाहायच्या भिंतीसाठी हलक्या फोमच्या किंवा थर्माकोलच्या जाड शीटवर फ्लॅनेल किंवा बॅटिंग ताणून बसवावे. सुती तुकडे त्याच्या लवेला टाचणीशिवाय चिकटून राहतात. तिच्यासमोर ८ ते १० फूट मागे जाता आले पाहिजे. खोली लहान असल्यास ही भिंत दारासमोर घ्यावी, म्हणजे दाराबाहेर उभे राहून पाहता येते. भिंतच उरली नसेल तर कपाटाच्या दारांवर वरून सोडलेला फ्लॅनेलचा पडदा चालतो. फोनवर कृष्णधवल छायाचित्र घेतले की फिक्या-गडदाचा तोल लगेच कळतो आणि कमी अंतरातही काम भागते. पंख्याचा झोत आणि थेट ऊन दोन्ही या भिंतीवर येऊ देऊ नये.

कापड आणि साहित्य

आता कुठे कपाटांकडे वळावे. क्विल्टिंगचे सुती कापड चौरस मीटरला साधारण १४५ ग्रॅम धरले, तर ११० सेंमी पन्ह्याचे एक मीटर कापड सुमारे १६० ग्रॅमचे होते. शंभर मीटरचा साठा म्हणजे १६ किलो. हलक्या फळ्या मधून वाकतात त्या यामुळे, आणि जड खोकी डोक्यावरच्या फळीवर ठेवू नयेत तेही यामुळेच.

सारख्या आकाराच्या घड्या केल्या की जागा बरीच वाचते. कापड किनारीला किनार लावून दुमडावे, ते साधारण २२ इंचांचे होते. ६ इंच रुंदीच्या पट्टीभोवती ते टोकापासून गुंडाळत न्यावे, पट्टी हलकेच सरकवून काढावी आणि तयार झालेली लांबट घडी मधोमध एकदा मोडावी. साधारण ११ बाय ६ इंचांची घडी मिळते आणि ती दुमड बाहेरच्या बाजूला ठेवून उभी लावली की प्रत्येक कापड एका नजरेत दिसते. या घड्यांना १२ ते १३ इंच खोल फळी पुरते. त्याहून खोल कपाटात मागची रांग नजरेआड होते, आणि न दिसणारे कापड वापरात येत नाही.

कापड खिडकीच्या उजेडापासून दूर ठेवावे, कारण घडीच्या दुमडीवर रंग आधी उडतो. कच्च्या लाकडातले आम्ल कापडाला पिवळे डाग पाडते, म्हणून लाकडी फळीवर आम्लरहित कागद अंथरावा. स्टार्च केलेले कापड साठवू नये. कसरीला स्टार्च आवडतो आणि त्यासोबत कापडही कुरतडले जाते. स्टार्च कापण्याच्या दिवशीच करावा.

हत्यारे जिथे वापरली जातात तिथेच राहावीत. टीप उसवण्याचे हत्यार, लहान कात्री आणि टाचण्या या स्वस्त वस्तू प्रत्येक जागी वेगळ्या ठेवाव्यात. नोंदवहीत दिसलेल्या निम्म्या फेऱ्या एवढ्यानेच कमी होतात. रोटरी कटरचे पाते प्रत्येक कापानंतर बंद करण्याची सवय हवीच, पण घरात लहान मुले असतील तर कटर कुलूपबंद खणात जायला हवा. जुनी पाती झाकणाच्या घट्ट डब्यात साठवावीत. चालू कामे मात्र कापडाच्या कपाटात परत घालू नयेत: प्रत्येक कामाचे तुकडे, दोरा आणि आराखडा एका उथळ ट्रेमध्ये एकत्र ठेवावे.

काही विशेष परिस्थिती

लाँगआर्म मशीनची (गोधडी चौकटीवर ताणून तिच्यावरून फिरवायच्या मोठ्या मशीनची) चौकट घ्यायची असेल तर बाकी सगळी मांडणी तिच्याभोवती फिरते. १० फुटांच्या चौकटीला दोन्ही टोकांना निदान २ फूट, पुढे ३ फूट आणि मागेही अडीच-तीन फूट मोकळे लागतात. मागची जागा अनेक जण सोडत नाहीत. पण कागदी नक्षीवरून लेझर फिरवत शिवण्याचे काम मशीनच्या मागच्या बाजूला उभे राहूनच होते, आणि भिंतीला टेकवलेल्या चौकटीवर ते करताच येत नाही. जमिनीची पातळी पाणसळीने तपासून चौकटीचे पाय तशा उंचीला फिरवून घ्यावेत, नाहीतर मशीन स्वतःहून एका बाजूला घरंगळते. विकत घेण्याआधी चौकटीचा आयत टेपने जमिनीवर आखून त्याच्याभोवती महिनाभर वावरून पाहावे.

चाकाच्या खुर्चीतून काम करणाऱ्यांसाठी वाटा ३ फुटांच्या आणि वळण्यासाठी ५ फूट व्यासाची मोकळी जागा हवी. टेबलाखाली गुडघ्यांसाठी सुमारे २७ इंच उंच आणि ३० इंच रुंद पोकळी ठेवावी, म्हणजे मध्ये खणांची पेटी नको. अनेक मशीनवर बटणाने सुरू-बंद करण्याची आणि वेग ठरवण्याची सोय असते, तिथे पेडलची गरजच राहत नाही.

खोली वाटून घ्यायची असेल तर दोन्ही कामांचे सामान एकत्र कधीही मिसळू नये. मशीन आणि चालू ट्रे चाकांच्या एकाच कपाटात मावतील अशी योजना करावी. हाताने टाके घालणाऱ्यांना खोलीपेक्षा खुर्ची महत्त्वाची: हात टेकता येतील अशी, खिडकीच्या बाजूला, शेजारी हलता दिवा आणि पायांशी फ्रेम टेकवायला आधार.

प्रत्यक्ष हलवाहलव

हलवताना खोली एकदम रिकामी करू नये. चालू काम एका ट्रेमध्ये बाहेर काढावे, मग अर्धी बाजू मोकळी करावी, सर्वांत मोठे टेबल टेपच्या खुणेवर आणावे, त्यानंतर मशीन, मग इस्त्री. वीज आणि दिवे यानंतर. कापडाची खोकी शेवटी आत येतात, आणि येतानाच निवडून येतात: यापुढे ज्या प्रकारचे काम होणार नाही त्याचे कापड आणि साचे इथेच वेगळे काढून देऊन टाकावेत.

नव्या मांडणीत पहिल्यांदा लहान गोधडी, पाळण्याएवढी, पहिल्या कापापासून कडेच्या पट्टीपर्यंत पूर्ण करावी. उठण्याची नोंद पुन्हा ठेवावी आणि जुन्या कागदाशी ताडून पाहावी. एखादी फेरी वाढली असेल तर एका वेळी एकच वस्तू हलवावी, कारण दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. टेबलाची उंची बदलली असेल तर अंगाला सवय व्हायला थोडे दिवस द्यावेत. पण तीक्ष्ण दुखणे हे सवयीचे लक्षण नसते, उंची लगेच बदलावी. भिंतीवरच्या फळ्या आणि फ्लॅनेलचे शीट तोवर तात्पुरते टेकवलेलेच असू द्यावे. ही गोधडी पूर्ण झाल्यावर, भिंतीतून वायर कुठून गेली आहे हे तपासून, मगच छिद्रे पाडावीत आणि स्क्रू पक्के करावेत.